प्रतीक्षेचा हिशेब

तालुक्याच्या गावातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथसूचीसाठी ठेवलेला संगणक गेल्या उन्हाळ्यात मोडीत निघण्याच्या बेतात होता. सकाळी दार उघडल्यावर ग्रंथपालबाई प्रथम त्याचे बटण दाबीत, मग सरस्वतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावीत, मग आलेली वर्तमानपत्रे मेजांवर मांडून ठेवीत. आणि एवढे सारे उरकून, पहिला वाचक चष्मा पुसत समोर येऊन उभा राहिला, तरी पडद्यावरचे वर्तुळ आपले फिरतच असे. कार्यकारिणीच्या सभेत यंत्र निकामी झाल्याचा ठराव मांडला गेला होता, परंतु नव्या यंत्राच्या खर्चाची तजवीज अंदाजपत्रकात कोठेच नव्हती. अशा अडचणीच्या वेळी, वाचनालयाचा जुना सभासद म्हणून माझ्याकडे विचारणा झाली. "सर, टाकून देण्याआधी एकदा बघा तरी," असे बाई म्हणाल्या, आणि मी त्या यंत्रापुढे बसलो.

संगणकाच्या अंतर्गत कामकाजाचा तपशील दाखवणारी जी खिडकी असते ती उघडताच एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्याच्यावर वार्धक्याचा आरोप ठेवण्यात आला होता तो प्रोसेसर आपल्या शक्तीचा जेमतेम दहावा हिस्सा वापरीत होता. आणि त्याच्या शेजारच्या ओळीत हार्ड डिस्कचा आकडा मात्र शंभर टक्क्यांवर चिकटून बसला होता. यंत्र थकले नव्हते. ते खोळंबले होते. थकवा आणि खोळंबा यांत बाहेरून पाहणाऱ्याला काही भेद दिसत नाही, कारण दोहोंचे दृश्य लक्षण एकच, ते म्हणजे विलंब. परंतु उपाय मात्र अगदी निराळे आहेत, आणि तो भेद न ओळखल्यामुळे दरवर्षी कितीतरी धडधाकट यंत्रे भंगारात जातात. म्हणून या प्रकरणात आपण संगणकाच्या वेगाचा विचार त्याच्या गणनशक्तीच्या बाजूने न करता त्याच्या प्रतीक्षेच्या बाजूने करणार आहोत.

मागील प्रकरणांत आपण प्रोसेसर आणि रॅम या दोहोंचा परिचय करून घेतला. प्रोसेसर हा हिशेबनीस, रॅम हे त्याच्यापुढील मेज, आणि कायमच्या साठवणीचा ड्राइव्ह हा त्याचा दप्तरखाना, असे रूपक आपण तेथे योजले होते. मेजावर कागद असेल तोवर काम सुरळीत चालते. परंतु वीज जाताच मेज रिकामे होते, म्हणून जे काही टिकवायचे ते दप्तरखान्यातच ठेवावे लागते, आणि प्रत्येक सकाळी, प्रत्येक नवे काम हाती घेताना, तेथूनच आणवावे लागते. आता या तिघांमधील कालमानाचे अंतर किती, हे ध्यानात येण्यासाठी आपण काळ थोडा ताणून पाहू. सेकंदाला तीन अब्ज ठोके देणाऱ्या प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे हिशेबनिसाच्या कामाचा एक सेकंद, असे धरले, तर रॅममधील कागद हाती यायला त्याला सुमारे पाच मिनिटे लागतात. एसएसडी या फिरत्या भागांविना चालणाऱ्या ड्राइव्हमधील कागद यायला सुमारे साडेतीन दिवस. आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमधील कागद यायला जवळजवळ चौदा महिने! एक नोंद वाचायला ज्याला सेकंद पुरतो, त्याने पुढच्या नोंदीसाठी चौदा महिने हातावर हात धरून बसावे, अशी ही व्यवस्था. आणि ती प्रत्यक्षात ज्या साडेबारा सहस्रांश सेकंदांत घडते ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणूनच तिचा अन्याय आपल्या ध्यानी येत नाही.

हे चौदा महिने कोठे खर्च होतात, हे कळण्यासाठी हार्ड डिस्कच्या पेटीत डोकवायला हवे. आत आरशासारख्या गुळगुळीत, चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या एका आसावर अखंड फिरत असतात, आणि त्यांच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावरून, हवेच्या सूक्ष्म थरावर तरंगत, वाचन-लेखनाचे शीर्ष आतबाहेर सरकत असते. मेजावरच्या संगणकात जी हार्ड डिस्क सामान्यतः असते ती मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे तिच्या तबकडीची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने धावत असते. एवढ्या वेगाने धावणाऱ्या पृष्ठभागावरील एखादी विशिष्ट नोंद गाठायची, तर प्रथम शीर्षाला योग्य त्या वर्तुळावर जावे लागते, आणि त्यात सरासरी आठ-नऊ सहस्रांश सेकंद जातात. मग हवी ती नोंद फिरत फिरत शीर्षाखाली येईपर्यंत थांबावे लागते. एका फेऱ्याला ८.३ सहस्रांश सेकंद लागतात, म्हणजे सरासरी अर्ध्या फेऱ्याला ४.२. या दोहोंची बेरीज साडेबाराच्या आसपास भरते, आणि त्याचा अर्थ असा, की विखुरलेल्या ठिकाणांच्या नोंदी आणायच्या झाल्या तर असा ड्राइव्ह सेकंदाला ऐंशीच्या वर खेपा करू शकत नाही.

या यंत्राचा इतिहास पाहिला म्हणजे ही मर्यादा किती मूलगामी आहे हे पटते. १९५६ साली आयबीएम कंपनीने कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आपल्या प्रयोगशाळेत, रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेले 'रामॅक' नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यापूर्वी हिशेबाच्या नोंदी छिद्रपत्रांच्या गठ्ठ्यांत अथवा चुंबकीय फितीवर असत. फितीवर मधली नोंद हवी असेल तर तिच्या आधीचा सारा भाग उलगडावा लागे. रामॅकने हा शिरस्ता मोडला. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्यांवर त्याने पन्नास लाख अक्षरे साठवली आणि त्यांतील कोणतीही नोंद, क्रमाची पर्वा न करता, सुमारे सहादशांश सेकंदात गाठून दाखवली. त्या काळी हा चमत्कारच होता. आज वीस टेराबाइटची, म्हणजे वीस लाख कोटी अक्षरे सामावणारी, हार्ड डिस्क तळहातावर मावते. साठवणीची शक्ती चाळीस लाख पटींनी वाढली. परंतु एका नोंदीपर्यंत पोहोचण्याचा वेळ मात्र सहाशे सहस्रांश सेकंदांवरून साडेबारांवर आला, म्हणजे अवघा पन्नासपट सुधारला. चुंबकीय नोंद अतिशय सूक्ष्म करता आली, त्यासाठी लागणारे भौतिकशास्त्र इतके पुढे गेले, की त्यातील एका शोधाबद्दल आल्बेर फेर्ट आणि पेटर ग्रुनबर्ग यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु धातूचा हात हलवण्याला आणि तबकडी फिरवण्याला जो वेळ लागतो, तो जडत्वाच्या नियमाशी बांधलेला आहे, आणि त्या नियमापुढे कोणाचीही मात्रा फारशी चालत नाही.

येथे एक शंका रास्तपणे उपस्थित होईल. हीच हार्ड डिस्क सेकंदाला दोनशे मेगाबाइट वाचते असे तिच्या वर्णनात छापलेले असते, आणि ते खोटे नसते. मग तक्रार कशाची? याचे उत्तर कामाच्या स्वभावात आहे. एकाच चित्रपटाची अखंड फाइल वर्तुळामागून वर्तुळ अशी ओळीने लिहिलेली असेल, तर शीर्षाला एकदा जागेवर नेऊन ठेवले की तबकडी आपोआप त्याच्याखालून सरकत राहते आणि दोनशे मेगाबाइटचा ओघ अखंड वाहतो. पण त्याच ड्राइव्हला चार-चार किलोबाइटचे विखुरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, तर ऐंशी खेपांत त्याच्या पदरात केवळ ३२० किलोबाइट पडतात. एकच यंत्र, तोच सेकंद, आणि फरक सहाशे पटींहून अधिक! कीर्तनकाराने पोथी पहिल्या ओवीपासून वाचीत जावे आणि एखाद्याने त्याला दर ओवीगणिक निराळ्या अध्यायात धाडावे, यांत जो भेद, तोच येथे आहे. वाचण्याचा वेग तोच राहतो, पण पाने उलटण्यातच वेळ सरतो.

दुर्दैवाने आपले नित्याचे व्यवहार दुसऱ्या प्रकारात मोडतात. संगणक सुरू होतो तेव्हा त्याला शेकडो लहान फाइली, सेवा, टंक, मांडणीच्या नोंदी हव्या असतात. ब्राउझर उघडताना, विषाणुरोधक आज्ञावली आपली तपासणी करताना, ग्रंथसूचीत एखादे नाव शोधताना, सर्वत्र हेच लहान लहान तुकडे वेचायचे असतात. ढोबळ मानाने दहा हजार तुकडे वेचायचे धरले, तर साडेबारा सहस्रांशांच्या दराने सव्वाशे सेकंद, म्हणजे दोन मिनिटांहून अधिक काळ, निव्वळ जा-ये करण्यातच जातो. त्यातच एकेका फाइलचे तुकडे कालांतराने तबकडीभर पांगले असतील तर खेपा आणखी वाढतात. हार्ड डिस्कची वेळोवेळी फेरमांडणी करण्याचा जो प्रघात होता, त्याचे कारण हेच. वाचनालयातील ते फिरते वर्तुळ म्हणजे या अदृश्य खेपांचे दृश्य रूप होते.

या कोंडीतून जी वाट निघाली ती यंत्रशास्त्रातून निघाली नाही. जपानमधील तोशिबा कंपनीत काम करणारे फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात अशी स्मृती घडवली, की जिच्यात फिरणारा असा एकही भाग नव्हता. विद्युत्-निरोधक थरांनी वेढलेल्या अतिसूक्ष्म कोषात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे, आणि वीज गेली तरी ते तेथेच अडकून राहतात म्हणून त्यांच्या असण्या-नसण्यावरून नोंद वाचायची, हे तिचे तत्त्व. एकदम मोठा भाग पुसला जाण्याची तिची क्रिया छायाचित्रकाराच्या दिव्याच्या लखलखाटासारखी वाटली, म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याने 'फ्लॅश' हे नाव सुचवले असे सांगतात. १९८७ साली त्यांनी तिचा 'नॅन्ड' हा प्रकार मांडला, आणि आज पेन ड्राइव्हपासून एसएसडीपर्यंत सर्वत्र तोच नांदतो आहे. येथे शीर्ष न्यायचे नाही, फेऱ्याची वाट पाहायची नाही; कोणताही कोष दुसऱ्या कोषाइतकाच जवळ. त्यामुळे एका नोंदीला साडेबारा सहस्रांश सेकंदांऐवजी सुमारे एक दशसहस्रांश सेकंद पुरतो. आपल्या त्या दहा हजार तुकड्यांचे काम सव्वाशे सेकंदांवरून एका सेकंदावर येते.

मात्र येथून पुढे ग्राहकाची दिशाभूल होण्याचा संभव आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ. एसएसडीचे दोन प्रकार बाजारात मिळतात. पहिला साटा जोडणीचा. ही जोडणी मुळात फिरत्या तबकडीच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून आखलेली असल्यामुळे तिची कमाल मर्यादा सेकंदाला सहाशे मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात साडेपाचशेच्या आसपास. शिवाय तिच्या नेहमीच्या पद्धतीत हुकुमांची एकच रांग असते आणि तीत बत्तीसांहून अधिक हुकूम उभे राहू शकत नाहीत. दुसरा प्रकार एनव्हीएमई. २०११ साली निश्चित झालेल्या या पद्धतीने ड्राइव्हला प्रोसेसरशी जवळच्या वाटेने जोडले, आणि सुमारे पासष्ट हजार रांगा व प्रत्येक रांगेत तितकेच हुकूम यांची मुभा ठेवली. म्हणून त्याच्या वेष्टनावर पाच हजार, सात हजार मेगाबाइट असे डोळे दिपवणारे आकडे दिसतात. एम.२ या नावाने ओळखली जाणारी चपटी पट्टी म्हणजे एनव्हीएमईच, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. एम.२ हे केवळ आकाराचे नाव असून त्या आकारात साटा ड्राइव्हही मिळतात. तेव्हा आपल्या मदरबोर्डाला काय मानवते याची रुजुवात घातल्यावाचून खरेदी करू नये.

आता प्रश्न असा, की साडेपाचशेवरून पाच हजारांवर गेल्याने संगणक नऊपट चपळ होतो काय? सामान्य कामांत तसे घडत नाही, आणि त्याचे कारण १९६७ साली जीन आमडाल या संगणकशास्त्रज्ञाने मांडलेल्या एका साध्या विचारात आहे. समजा, एखाद्या कामाला शंभर सेकंद लागतात, त्यांपैकी ऐंशी साठवणीची वाट पाहण्यात आणि वीस खऱ्या गणनेत जातात. साठवण दहापट वेगवान केली की ऐंशीचे आठ होतात आणि एकूण काम अठ्ठावीस सेकंदांत उरकते. बहात्तर सेकंदांची बचत. पुन्हा दहापट वेगवान केली, तर आठाचे पाऊण-एक सेकंद होते, एकूण एकवीस सेकंद. बचत केवळ सातांची. पहिल्या पायरीने आयुष्य बदलते, दुसरीची दखलही घ्यावी लागत नाही, कारण आता खोळंबा साठवणीत उरलेला नसून गणनेत आलेला असतो. त्यातही वेष्टनावरचा आकडा मोठ्या, ओळीने वाचल्या जाणाऱ्या फाइलींचा असतो. एकामागून एक लहान तुकडे मागवले, तर एक दशसहस्रांश सेकंदाच्या दराने दहा हजार खेपांत सेकंदाला चाळीसच मेगाबाइट हाती येतात, मग जोडणी कोणतीही असो. याउलट लग्नसमारंभाच्या चित्रणाच्या प्रचंड फाइली इकडून तिकडे हलवणाऱ्या, कापून जोडणाऱ्या माणसाला मात्र त्या मोठ्या आकड्याचा लाभ पुरेपूर मिळतो. दहा गिगाबाइटची फाइल वाचायला हार्ड डिस्कला पन्नास सेकंद, साटा एसएसडीला अठरा, आणि पाच हजारांच्या एनव्हीएमईला दोन सेकंद लागतात. दिवसातून पन्नास वेळा हे करणाऱ्याला तो फरक पगारात मोजता येईल.

फ्लॅश स्मृतीचे गुण सांगितले तसे तिचे दोषही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. तिच्यावर लिहिणे म्हणजे धुळपाटीवर लिहिण्यासारखे आहे. पूर्वीच्या शाळांत मुले पाटीवर धूळ पसरून काडीने अक्षरे गिरवीत. मधलेच एक अक्षर बदलायचे तर सबंध पाटी हलवून सपाट करावी लागे. फ्लॅशमध्येही लिहिणे लहान पानांत होते, पण पुसणे मात्र शेकडो पानांच्या गठ्ठ्याने होते. म्हणून ड्राइव्हमधील नियंत्रक नवी नोंद कोऱ्या पाटीवर लिहितो, जुनीवर रद्दचा शेरा मारतो, आणि सवडीने कामाची पाने दुसरीकडे उतरवून जुनी पाटी साफ करतो. ड्राइव्ह काठोकाठ भरला म्हणजे कोऱ्या पाट्या उरत नाहीत, आणि प्रत्येक लेखनाआधी ही उतरवाउतरव करावी लागून वेग ढासळतो. म्हणून दहा-पंधरा टक्के जागा सदैव शिलकी ठेवावी. हार्ड डिस्कसाठी सांगितलेली फेरमांडणी येथे निरुपयोगी असून निष्कारण झीज करणारी आहे.

झीज हा शब्द आलाच आहे. प्रत्येक कोष ठरावीक वेळाच पुसता येतो. एका कोषात एकच अंश, म्हणजे बिट, ठेवणारी महाग स्मृती लाखाच्या घरात, तीन अंश ठेवणारी हजार ते तीन हजार वेळा, आणि चार अंश ठेवणारी त्याहून कमी. हे ऐकून कोणी घाबरू नये. एक टेराबाइटच्या तीन अंशी ड्राइव्हला साधारणतः सहाशे टेराबाइट लेखनाची हमी असते. रोज तीस गिगाबाइट लिहिणाऱ्याला ती संपवायला सुमारे पंचावन्न वर्षे लागतील. खरी सावधगिरी बाळगायची ती स्वस्त चार अंशी ड्राइव्हांच्या बाबतीत: ते थोडी जागा जलद वहीसारखी वापरून प्रारंभी झपाट्याने लिहितात, पण मोठी फाइल ओतली आणि ती वही भरली, की त्यांचा लेखनाचा वेग काही वेळा हार्ड डिस्कच्याही खाली घसरतो. हार्ड डिस्कमध्येही अशीच एक फसगत आहे. काहींत अधिक साठवण व्हावी म्हणून वर्तुळे छपरावरच्या कौलांसारखी एकावर एक चढवलेली असतात. खालचे कौल बदलायचे तर वरची सारी ओळ उतरवावी लागते, आणि त्यामुळे सतत फेरलेखन होणाऱ्या कामी असा ड्राइव्ह फार रखडतो.

तेव्हा निवडीचे सूत्र आकड्यांच्या स्पर्धेत न शोधता कामाच्या स्वभावात शोधावे. यंत्र सुरू होण्याची आज्ञावली आणि रोजच्या वापराचे कार्यक्रम ज्यावर असतील तो ड्राइव्ह एसएसडीच असावा. येथे साटा पुरेसा आहे. मोठ्या चित्रफितींवर काम करणाऱ्याने एनव्हीएमई घ्यावा. दुकानातील पहारा देणाऱ्या कॅमेऱ्यांचे अखंड चित्रण, वर्षानुवर्षांची छायाचित्रे, आणि सर्व कामाच्या सुरक्षित प्रती यांसाठी हार्ड डिस्क आजही सर्वांत काटकसरीची. तेथे लेखन ओळीने होते आणि घाई कोणालाच नसते. शिवाय झिजलेली एसएसडी विजेवाचून दीर्घकाळ पडून राहिली तर कोषांतील विद्युत्-भार झिरपून नोंदी पुसल्या जाऊ शकतात, म्हणून कपाटात बंद करून ठेवण्याच्या दप्तरासाठी तिच्यावर विसंबू नये. आणि रॅम अपुरी असेल तर प्रथम ती वाढवावी. कारण मेज लहान पडले की हिशेबनीस कागद वारंवार दप्तरखान्यात टाकतो आणि परत मागवतो, आणि ही ओढाताण कितीही वेगवान ड्राइव्हने झाकली तरी मिटत नाही.

वाचनालयाच्या त्या संगणकाला साटा जोडणीचीच सोय होती. कार्यकारिणीने किरकोळ खर्चाच्या सदरातून एका लहान एसएसडीची मंजुरी दिली, आणि एका रविवारी दुपारी मी ती बसवून जुन्या ड्राइव्हवरचा सारा मजकूर तीत उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी बटण दाबले आणि उदबत्तीकडे वळण्याआधीच सूची पडद्यावर उघडलेली त्यांना दिसली. प्रोसेसर तोच होता, रॅम तीच होती. केवळ दप्तर आणून देणारा बदलला होता.

काढलेली हार्ड डिस्क टाकून द्यायची का, असे त्यांनी विचारले. तिची तपासणी केली तेव्हा ती निर्दोष ठरली. तिच्यावर जे काम लादले गेले होते ते तिच्या प्रकृतीचे नव्हते, एवढाच तिचा अपराध. आज ती एका साध्या पेटीत बसवून कपाटात ठेवली आहे. दर शनिवारी संध्याकाळी बाई ती बाहेर काढतात, सूचीची नवी प्रत पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत ओळीने तिच्यावर उतरवतात, आणि पुन्हा कुलूप लावतात. त्या कामाला पाच मिनिटे लागली काय किंवा दहा, वाचनालयात त्या वेळी कोणीही वाट पाहत नसते.